घरातल्या वादासाठी कायद्याची मदत: वकील गाठण्याआधी कुठे जावे, सोबत काय न्यावे

शिवारवाट (धागाकर्ता)

नमस्कार. माझी धाकटी बहीण दीड वर्षापूर्वी चार वर्षांच्या मुलाला घेऊन कायमची माहेरी आली. नवऱ्याने तिला घराबाहेर काढले आणि त्यानंतर मुलाच्या शाळेसाठीसुद्धा एक रुपया पाठवला नाही. आमचे गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि तिच्या नवऱ्याची नोकरी पिंपरी-चिंचवडला आहे. आज तिला दरमहा अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतची, पोटगी मिळते, पण या दीड वर्षातले पहिले आठ महिने आम्ही अक्षरशः वाया घालवले. ते कसे गेले आणि नंतर मदत नेमकी कुठून मिळाली, हे मी सविस्तर लिहीत आहे. आमच्यासारख्या घरांत अशी वेळ आली की सगळे जण पहिला प्रश्न विचारतात तो "ओळखीचा वकील कोण आहे?" हा, आणि आमची चूक तिथूनच सुरू झाली.

ओळखीतून मिळालेल्या वकिलांनी वकीलपत्रावर बहिणीची सही घेतली आणि 35 हजार रुपये रोख घेतले. पावती दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही, कारण मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे आम्हाला वाटले. नंतर दर महिन्याला एक तारीख सांगितली जायची. बहीण सकाळच्या एसटीने तालुक्याला जायची, न्यायालयाच्या आवारातल्या लिंबाखाली दुपारपर्यंत बसायची आणि "आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख पडली" एवढे ऐकून परत यायची. आठव्या महिन्यात माझ्या पुतण्याने मोबाईलवर ई-कोर्ट्सचे ॲप उघडले आणि पक्षकाराच्या नावाने शोध घेतला, तेव्हा कळले की तिच्या नावाचे एकही प्रकरण नोंदलेले नाही. अर्ज दाखलच झालेला नव्हता. न्यायालयात दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला 16 अक्षरे व अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, आणि तो हाती असला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले, हे सगळे घरी बसून पाहता येते. हा क्रमांक मागायचा असतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

त्या आठ महिन्यांची किंमत फक्त 35 हजार नव्हती. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये असे स्पष्ट केले आहे की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यावी. आमचा अर्जच नसल्यामुळे त्या आठ महिन्यांची पोटगी तिला कधीच मिळणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे त्यांना मी कळकळीने सांगतो की बोलणी, बैठका, समजूत हे सगळे चालू ठेवा, पण अर्ज दाखल करून ठेवा. अर्ज दाखल झाला म्हणून समेटाचे दार बंद होत नाही.

न्यायालयाच्या त्याच इमारतीत तळमजल्यावर तालुका विधी सेवा समितीची खोली आहे. आठ महिने आम्ही तिच्या दारावरून ये-जा करत होतो आणि पाटी वाचूनही ती आपल्यासाठी आहे असे आम्हाला वाटले नव्हते. मोफत वकील आरोपींना देतात, अशी आमची समजूत होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेल्या व्यक्ती आणि आपत्तीग्रस्त यांनाही तो आहे. इतरांसाठी उत्पन्नाची अट आहे आणि महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये आहे. या मदतीत वकिलाची फी तर येतेच, शिवाय न्यायालयीन शुल्क, टंकलेखन आणि नकलांचा खर्चही येतो.

आम्ही गेलो तेव्हा खोलीत एक विधी स्वयंसेविका बसल्या होत्या. बहिणीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे कागद टेबलावर ओतले आणि बोलता बोलता ती रडू लागली. बाईंनी तिला पाणी दिले, पूर्ण बोलू दिले आणि मग फक्त तारखा विचारल्या. बहिणीला तारखा आठवत नव्हत्या, तिला सण आठवत होते. पहिल्यांदा हात उचलला तो हरतालिकेच्या आदल्या दिवशी. दागिने काढून घेतले ते भाऊबीजेला माहेरी निघताना. घराबाहेर काढले ते मुलाला तापात दवाखान्यात नेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. नव्याच्या मागे जुन्या वर्षाचीही तशीच अडकवलेली होती. पाने उलटत उलटत त्यांनी प्रत्येक सणाची तारीख एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिली. तापाची तारीख डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळाली. अर्ध्या तासात तिच्या संसाराची तारीखवार हकिगत एका पानावर तयार झाली, आणि पुढे वकिलांनी अर्ज लिहिला तो त्याच पानावरून.

समितीने नेमलेल्या वकिलांनी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 12 खाली आमच्याच तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज केला. पीडित स्त्री तात्पुरती जिथे राहते तिथेही हा अर्ज करता येतो, त्यामुळे पिंपरीला खेटे घालावे लागले नाहीत. दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागले, आणि "मला पगारच पुरत नाही" हे समोरच्या बाजूचे म्हणणे त्यांच्याच वेतनचिठ्ठीपुढे टिकले नाही. अंतरिम आदेशाला पाच महिने लागले. कायद्यात अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे, परंतु प्रत्यक्षात तेवढ्यात होईल असे मनात धरू नका. समन्सची बजावणी होण्यातच आमचे दोन महिने गेले.

आपापल्या भागातले अनुभव आणि प्रश्न इथे जरूर लिहावेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे, तोही लिहून ठेवावा.


जुनेदप्तर

शिवारवाट, आपण फार उपयोगी लिहिले आहे. मी दिवाणी न्यायालयात 31 वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून जे पाहिले ते थोडे सांगतो.

वकीलपत्र म्हणजे आपण आपल्या वतीने बोलण्याचा दिलेला अधिकार असतो. त्यावर सही करण्याआधी ते कोणत्या न्यायालयासाठी आणि कोणत्या प्रकरणासाठी आहे हे भरलेले असले पाहिजे. कोऱ्या वकीलपत्रावर आणि कोऱ्या कागदांवर सह्या करणारे पक्षकार मी रोज पाहिले, आणि त्यातले बरेच शिकलेले होते. फीची रक्कम सुरुवातीलाच ठरवावी आणि शक्यतो बँकेमार्फत द्यावी. जिंकल्यावर मिळणाऱ्या मालमत्तेत किंवा रकमेत हिस्सा, अशा बोलीवर फी ठरवण्यास वकिलांना त्यांच्या आचारसंहितेनेच मनाई आहे, तेव्हा कोणी तसे सुचवले तर तिथेच थांबावे.

वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराला नेहमीच असतो. फी बाकी आहे म्हणून कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निर्णय आहे. फीचा वाद वेगळा लढावा, पण पक्षकाराची फाईल त्यासाठी ओलीस ठेवता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार वकील अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करता येते. ग्राहक आयोगाकडे मात्र जाऊ नये, कारण वकिलांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये ठरवले आहे. आपल्या बहिणीच्या बाबतीत पावती नसली तरी तिने सही केलेल्या वकीलपत्राची प्रत, फोनवरचे निरोप, बँकेतून त्या दिवशी रोख काढल्याची नोंद, हे सारे जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक तारखेला न्यायालयात काय घडले ते रोजनाम्यात लिहिले जाते. आपल्या प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल पक्षकार स्वतः अर्ज करून घेऊ शकतो, त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. वकिलांनी काय सांगितले आणि रोजनाम्यात काय लिहिले आहे, हे अधूनमधून ताडून पाहावे. चांगल्या वकिलाला याचा कधीच राग येत नाही.


प्राजक्त_ल

मी पहिल्यांदाच लिहीत आहे, चुकले तर सांभाळून घ्यावे. आमचे माहेर सांगली जिल्ह्यात आहे. वडील चैत्रात वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. साडेतीन एकर शेती, गावातले घर, आई, दोन भाऊ आणि मी एवढेच कुटुंब आहे. थोरल्या दादाचा काल फोन आला की येत्या शुक्रवारी तालुक्याला यायचे आहे, वारस नोंदीसाठी सही लागते, कागद तयार आहे, आधार कार्ड आणि दोन फोटो आण, दुय्यम निबंधकांकडे अर्ध्या तासाचे काम आहे. मी कागद व्हॉट्सॲपवर पाठव म्हटले, तर "तुझा आमच्यावर विश्वास नाही का" असे म्हणून त्याने फोन ठेवला. आई काहीच बोलत नाही. मला जमिनीचा लोभ नाही, पण मला काय सही करायची आहे तेही मला माहीत नाही. माहेर तुटेल ही भीती रात्रभर जात नाही. मी विधी सेवा समितीकडे जाऊ शकते का? अजून काही भांडण झालेलेच नाही.


शिवारवाट

ताई, शुक्रवारी सही करू नका. प्रकृतीचे कारण सांगा, मुलांच्या परीक्षेचे सांगा, पण कागद वाचल्याशिवाय तिकडे जाऊ नका. आणि हो, समितीकडे नक्की जाऊ शकता. केवळ सल्ला हवा असेल तरी तो मिळतो, त्यासाठी भांडण व्हावे लागत नाही. महसुलाचे कोणी जाणकार वाचत असतील तर त्यांनी कृपया ताईंना उत्तर द्यावे.


गावनमुना

प्राजक्तताई, मी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आपल्या निरोपातला एकच शब्द फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारे अधिकारी. वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावे लागत नाही. वारस नोंद तलाठ्यांकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन होते, आता ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. तिची नोंद गाव नमुना 6-क मध्ये होते, मग फेरफार, म्हणजे 7/12 वरच्या नावबदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकतीसाठी मुदत असते. निबंधकांपुढे फोटो आणि अंगठा देऊन जे करायचे ते बहुतेक वेळा हक्कसोडपत्र असते. ते एकदा नोंदवले की आपला हिस्सा गेला. नंतर "मला माहीत नव्हते" असे म्हणून ते रद्द करून घ्यायचे तर दिवाणी दावा लावावा लागतो आणि फसवणूक आपल्यालाच सिद्ध करावी लागते.

आपल्या भावाचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. गावाकडे पुष्कळ जण "वारसाची सही" आणि "हक्कसोड" हे एकच काम समजतात, आणि दस्तलेखकही खुलासा करत बसत नाहीत. बहिणींची नावे लावून मग लगेच कमी करायची, ही जणू रीतच पडून गेली आहे. पण कायदा स्पष्ट आहे. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, यांचे समान हिस्से असतात. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर हिशेब वेगळा पडतो, परंतु त्यातही 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाइतकीच जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीची हिस्सेदार, आहे, आणि वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 मध्ये सांगितले आहे. आपल्या राज्याने तर 1994 मध्येच मुलींसाठी अशी दुरुस्ती केली होती, मात्र ती तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती.

आपण हक्क सोडूच नये असे माझे म्हणणे नाही. धाकट्या भावाची ओढाताण असेल, आई त्यांच्याकडे राहणार असेल, तर आपण विचारपूर्वक सोडलेला हक्क हा मोठेपणाच आहे. मात्र तो कागद वाचून, कोणत्या गटातला किती हिस्सा कोणाच्या नावे सोडत आहोत हे समजून सोडावा. कोणाच्या लाभात सोडला हेही पाहावे, कारण आईच्या नावे सोडणे आणि भावांच्या नावे सोडणे यात फार अंतर आहे. माझ्या मते पहिले काम साधे आहे: चारही वारसांची नोंद होऊ द्यावी. 7/12 वर नाव लागल्याने कोणाची जमीन कोणाकडे जात नाही, आणि पुढे सर्वांच्या संमतीने वाटप करायचे झाले तर महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आपल्या गटाचा 7/12 आज रात्रीच पाहून घ्या.


स्पष्टवक्ता_नाशिक

मोफत वकिलांविषयी इथे फारच चांगले लिहिले जात आहे. माझ्या मावशीला मिळालेले वकील तीन तारखांना आलेच नाहीत आणि चौथ्या तारखेला कनिष्ठाला पाठवले. मानधन कमी, कामाचा ढीग मोठा, त्यामुळे ते मन लावून काम करत नाहीत. ज्यांना परवडते त्यांनी स्वतःचा वकील करावा हेच बरे.


जुनेदप्तर

आपला अनुभव मी नाकारत नाही, असे वकील मीही पाहिले आहेत. परंतु नेमलेले वकील हजर राहत नसतील तर समितीकडे लेखी अर्ज देऊन दुसरे वकील मागता येतात, आणि प्रकरणाची प्रगती पाहणे हे समितीचे कामच आहे. नेमलेल्या वकिलांनी पक्षकाराकडे पैसे मागितले तरीही हाच अर्ज करावा. तोंडी तक्रार बाकावर बसून करतात आणि ती तिथेच विरते. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जावी आणि तिच्यावर पोच म्हणून शिक्का व तारीख घ्यावी.

लोक अदालतीबद्दलही एक सावधगिरी सांगतो. तिथे तडजोड झाली की न्यायालयीन शुल्क परत मिळते, वेळ वाचतो, माणसे तुटत नाहीत, हे सर्व खरे आहे. पण लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे पोटगीची एकरकमी तडजोड करताना रक्कम, हप्ते, मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, दागिने, सर्व काही त्या कागदावर आले आहे का ते पाहूनच सही करावी. "बाकीचे आपण घरी ठरवू" असे म्हणून सोडलेली गोष्ट घरी कधीच ठरत नाही.


समईवात

माझे वय 71 आहे. पती गेल्यावर मी राहती सदनिका मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली. दोन वर्षे बरी गेली, नंतर माझे जेवण वेगळे झाले, मग औषधाचे पैसे बंद झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी 2007 चा कायदा आहे हे मला वाचनालयातल्या एका मैत्रिणीने सांगितले. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही, प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी यांच्याकडे न्यायाधिकरण असते. अर्ज साध्या कागदावर मी स्वतः लिहिला. महिना 10 हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता त्यांना देता येतो.

बक्षीसपत्राचा प्रश्न मात्र अवघड निघाला. याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास परत मागता येते. माझ्या बक्षीसपत्रात तशी अट लिहिलेलीच नव्हती. "प्रेमापोटी व स्वखुशीने" एवढेच शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अशी अट होती हे दाखवावे लागते असे म्हटले होते, नंतर जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला, पण त्या प्रकरणातही सांभाळाचे वचन कागदावर होते. माझा अर्ज अजून चालू आहे. भत्ता सुरू झाला आहे, घराचे काय होईल ते मला आज सांगता येत नाही. माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगते की हयातीत काही लिहून देणार असाल तर "दात्याचा आजन्म सांभाळ, औषधोपचार आणि राहण्याचा हक्क" ही ओळ दस्तात आहे की नाही, हे स्वतः चष्मा लावून वाचा. लिहिणाऱ्यावर सोडू नका. ज्येष्ठांसाठी 14567 हा मदत क्रमांक आहे, तिथल्या मुलीने माझ्याशी फार आपुलकीने बोलून प्रांत कार्यालयात काय न्यायचे ते सांगितले.


लिफीकाठ

मी डब्लिनमध्ये राहतो, मूळचा पुण्याचा. परदेशातून घरच्या प्रकरणात मदत करू पाहणाऱ्यांसाठी कुलमुखत्यारपत्राबद्दल, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याच्या लेखी अधिकाराबद्दल, दोन गोष्टी सांगतो, कारण दोन्हींत मी अडकलो. इथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मी ते भावाकडे पाठवले आणि त्याने ते कपाटात ठेवून दिले. परदेशात केलेला असा कागद राज्यात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचा मुद्रांक भरावा लागतो. आमची मुदत उलटून गेली होती आणि सगळी खटपट पुन्हा करावी लागली.

दुसरे असे की मुखत्यार आपल्या वतीने दावा दाखल करू शकतो, कागद देऊ शकतो, पण जी गोष्ट फक्त मला ठाऊक आहे तिच्याबद्दल माझ्याऐवजी साक्ष देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ठरवले आहे. म्हणजे पुराव्याच्या टप्प्यावर मलाच यावे लागणार, हे धरून रजा राखून ठेवावी. मुखत्यारपत्रही सरसकट देऊ नये, ज्या कामासाठी आहे ते काम आणि ती मिळकत नेमकी लिहावी. प्राजक्तताईंच्या प्रसंगासारखे प्रसंग परदेशात राहणाऱ्या बहिणींवरही येतात. "तू तिकडे आहेस, मुखत्यारपत्र पाठव, बाकी आम्ही बघतो" हे वाक्य इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कितीतरी जणींनी ऐकलेले आहे.


शापोराकाठ

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडेसे, कारण वरचे वारसाचे नियम आमच्याकडे तसेच्या तसे लागू नाहीत. इथे पोर्तुगीज काळापासूनची समान नागरी संहिता सर्वधर्मीयांना आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मिळकत सामाईक मानली जाते, त्यामुळे स्थावर विकताना दोघांच्याही सह्या लागतात. अपत्ये असतील तर आई-वडील मृत्युपत्राने आपल्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक मिळकत मनाप्रमाणे देऊ शकत नाहीत, उरलेला अर्धा भाग मुलगे-मुली यांचा समान असतो. वाटणी न्यायालयात इन्व्हेंटरी प्रक्रियेने, म्हणजे मिळकतीची यादी करून, होते, आणि तिच्यासाठी 2012 चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. सासर कोल्हापूरला आणि माहेर बार्देशात, अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी कोणत्या बाजूच्या मिळकतीचा प्रश्न आहे हे आधी सांगून मगच सल्ला घ्यावा. विधी सेवा प्राधिकरणे उत्तर गोव्यात आणि दक्षिण गोव्यातही आहेत.


शिवारवाट

सर्वांचे आभार. बहिणीच्या प्रकरणातली एक गोष्ट लिहायची राहिली होती. आदेश झाल्यावर नवऱ्याने दोन महिने पैसे दिले आणि पुन्हा थांबवले. आमच्या वकिलांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20 मधल्या तरतुदीचा आधार घेऊन थेट नोकरीच्या ठिकाणी पगारातून रक्कम कापून जमा करण्याचा आदेश मागितला आणि तो मिळाला. ज्यांची पोटगी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम 125 खाली, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली आहे, त्यांनी एक मुदत विसरू नये. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. "देईल हळूहळू" म्हणून दोन-दोन वर्षे थांबलेल्या बायकांची जुनी थकबाकी या एका कारणाने अडकते.


प्राजक्त_ल

आज तीन आठवड्यांनी लिहीत आहे. त्या शुक्रवारी मी गेले नाही. सोमवारी मिस्टरांना घेऊन तालुका विधी सेवा समितीत गेले. शिवारवाटदादांनी लिहिल्याप्रमाणे सगळे कागद तारखेनुसार लावून नेले होते: वडिलांचा मृत्यूचा दाखला, 7/12, 8-अ, माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाची पत्रिका. तिथल्या वकिलांनी दादाला फोन न करता समितीतर्फे साधे पत्र पाठवले, दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीचे, प्रकरण म्हणून दोन्ही बाजूंनी चर्चेला यावे असे.

पत्र मिळाल्यावर दादा खूप चिडला. आठ दिवस बोलणे बंद होते. पण ठरल्या दिवशी तो, वहिनी आणि धाकटा भाऊ आले, आईलाही घेऊन आले. तयार केलेला कागद त्याने तिथे दाखवला. ते हक्कसोडपत्रच होते, आणि त्यात माझ्याबरोबर आईचाही हक्क सोडलेला होता. आईला ते माहीत नव्हते. वकिलांनी तो कागद तिला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. तेव्हा इतके दिवस गप्प असलेली आई म्हणाली, "माझं नाव राहू दे बाळांनो, मी असेपर्यंत राहू दे." दादा बराच वेळ खाली मान घालून बसला होता. त्याने दस्तलेखकाने जसे सांगितले तसे केले, असे तो म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे.

आता चौघांच्या नावाने वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे दिला आहे. फेरफाराची नोटीस कालच माझ्या पत्त्यावर आली. घर आईच्या नावे ठेवायचे आणि शेतीतला माझा हिस्सा पुढच्या वर्षी धाकट्याला द्यायचा, असे माझ्या मनात आहे. परंतु ते आईशी बोलून आणि कागद आधी घरी आणून वाचल्यावरच करीन. पुढची बैठक 14 तारखेला आहे, त्या दिवशी जेवायला घरीच ये, असा वहिनींचा निरोप आला आहे.